आईचे हस्तांतर

बंगलोर,
संक्रांतीनंतरचा रविवार, १९६१

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी दामोदरचा दंडवत. वहिनींना नमस्कार. मुलांचे गालगुच्चे घ्यावेत (थोरल्याला एव्हाना मिसरूड फुटली असेल, त्याला नुसता आशीर्वाद पुरे). तुमच्या कंबरेची खबर बऱ्याच दिवसांत नाही. पुण्याच्या थंडीत ती धरते हे मला माहीत आहे, तरी पहाटे थंड पाण्याने आंघोळ करण्याचा हट्ट तेवढा सोडावा. तुमचा तिळगूळ पोचला. वाटेत त्याचा एकच लाडू झाला होता, पण गोड होता. आम्ही सर्व मजेत आहोत. सौ. मथुरेची दाढ दुखते, ती उपटायची की ठेवायची यावर घरात तीन पक्ष आहेत.

तुमचं जूनमधलं पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. आई सहा महिने इथे राहून तुमच्याकडे परतली, तेव्हा चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, अंगाने उतरलेली आणि दिवसातून तीनदा कॉफी मागणारी अशी उतरली, असं तुम्ही त्यात लिहिलं होतं. आणि शेवटी 'हे सर्व बंगलोरचे समजावे काय?' असं विचारलं होतं. ते वाचून मथुरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही (पत्र तुम्ही लिहिलं, पण भाऊ माझे ना!). तिचं म्हणणं, काडी पुण्याहून येतानाच लुळी होती. मीही त्याआधीच्या डिसेंबरात तुम्हाला लिहिलंच होतं की आईच्या टाचा भेगाळलेल्या आहेत, तिकडे फरशी फार गार आहे की काय. म्हणजे बाबा गेल्यापासून आपण दोघे भाऊ वर्षातून दोनदा एकमेकांना पत्र लिहितो, आणि दोन्ही पत्रं नुकसानीची असतात.

आता माझ्या कचेरीविषयी थोडं लिहितो, त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. एका रेल्वेचा मालडबा दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत गेला की त्याचं काय करायचं, याचं नवीन धोरण वरून आलं आहे. त्याचं नाव 'अन्योन्य-प्रचालनीयता'. इंग्रजी मसुदा कोणालाच समजला नाही, म्हणून सोबत हिंदी मसुदा पाठवला आहे, आणि आमच्या कचेरीत तुंगभद्रेच्या पलीकडचा मी एकटाच असल्यामुळे मला हिंदी येतंच, असा साहेबांचा पक्का समज आहे. त्यातलं एक वाक्य उतरवून देतो. 'स्वामी रेल से इतर रेल पर विचरणशील माल-डिब्बा, प्रत्यर्पण-पर्यंत, ग्राही रेल के दायित्वाधीन समझा जाएगा.' विचरणशील! काठी-कमंडलू घेऊन निघालेला डबा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तीन दिवस शब्दकोश उपसल्यावर अर्थ निघाला तो इतकाच, की दुसऱ्याचा डबा आपल्याकडे आहे तोवर आपण सांभाळावा. हे आईने आपल्याला शेजारची किसणी परत द्यायला पाठवताना शिकवलं होतं, आणि तेव्हा परिशिष्टं नव्हती. परिशिष्टांत तर बहारच आहे. तुम्हाला ठाऊक आहेच की इथे मद्रासकडून येणारे रूळ रुंद आणि तुमच्याकडून येणारे अरुंद. एकाचा डबा दुसऱ्यावर वीतभरही चालत नाही. त्यावर धोरण म्हणतं, जिथे चाक रुळावर बसत नाही तिथे प्रचालनीयता तत्त्वतः साध्य झाली असे मानावे. आमचे साहेब हे वाचून फार समाधानी झाले.

पण त्यात एक कलम मला खरंच पटलं. डबा एका रेल्वेकडून दुसरीकडे जाताना सरहद्दीच्या स्टेशनात एक तटस्थ परीक्षक तो तपासतो. हा माणूस देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. हातोडीने चाक वाजवतो, कड्या हलवून बघतो, पोचे टिपतो, आणि त्याने जे म्हटलं ते दोघांनी मान्य करायचं. पुढे भांडण नाही. अशा कामात जन्म काढलेले सुब्बाराव सध्या आमच्याच कचेरीत, माझ्या शेजारच्या टेबलाला आहेत. तटस्थपणा त्यांच्या इतका अंगी मुरला आहे की घरी आई आणि बायको यांच्यात वाजलं की ते दोघींचंही ऐकून 'सरी, सरी' (म्हणजे बरोबर, बरोबर) म्हणतात आणि देवळात जाऊन बसतात. मला वाटलं, आपल्याला हवा तो हाच माणूस.

तर दादा, डिसेंबरात आई यायची होती त्या दिवशी मी सुब्बारावांना स्टेशनवर घेऊन गेलो. (मथुरेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्टेशनवर पोचलोच नसतो.) वाटेत त्यांना सगळं समजावलं. आई उतरल्या उतरल्या चष्मा, टाचा, प्रकृती एकदा नजरेखालून घालायची आणि त्रयस्थ म्हणून मला आणि तुम्हाला दोन ओळी लिहून द्यायच्या. ते काही बोलले नाहीत. मी ती संमती धरली. गाडी आली. ज्या कुटुंबाच्या सोबतीने तुम्ही तिला बसवून दिलं होतं त्यांनी ट्रंक खाली दिली, मागून आई उतरली, पदर सारखा केला आणि फलाटावर ताठ उभी राहिली. मी म्हटलं, सुब्बाराव, करा सुरुवात. सुब्बारावांनी चपला काढल्या, भर फलाटावर आईच्या पायांवर डोकं ठेवलं, 'अम्मा, चेन्नागिद्दीरा?' असं विचारलं (बऱ्या आहात ना, असा त्याचा अर्थ) आणि मला म्हणाले, 'माझ्याच्यानं होणार नाही हो.' एवढं बोलून ते चालते झाले. नोकरीत त्यांनी तपासणी अर्धी सोडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

जटक्यात बसल्यावर (इथला टांगा; आत मांडी घालून बसावं लागतं आणि डोकं छताला लागतं) आईने विचारलं, हे गृहस्थ कोण आणि कशाला आले होते. मी थाप मारायला हवी होती. पण तुम्ही मला ओळखता. मी तिला धोरण सांगितलं. देणारी रेल्वे, घेणारी रेल्वे, मालक रेल्वे, परका डबा, सगळं. तिने फार लक्ष देऊन ऐकलं. मधूनमधून प्रश्न विचारले, आणि ते आमच्या साहेबांपेक्षा पुष्कळ बरे होते. दोन्ही रेल्व्यांचा वाद मिटेपर्यंत डबा कुठे असतो? म्हटलं, बाजूच्या रुळावर उभा असतो. उन्हात? म्हटलं, हो, उन्हातच. बरं, मालक कोण ते कळतं कसं? म्हटलं, डब्याच्या अंगावर रंगवलेलं असतं. दर काही वर्षांनी तो मालकाकडे जातो, तिथे त्याची नीट दुरुस्ती होते, रंग देतात, मग पुन्हा बाहेर.  यावर आईने बाही वर करून हातावरचं गोंदण मला दाखवलं आणि हसत म्हणाली, 'माझ्या अंगावर एवढंच लिहिलंय बघ. हे माहेरचं. ती लाइन कधीच उखडली.'

मीही हसलो. चामराजपेट येईपर्यंत हसत होतो. मग जटका आमच्या गल्लीत वळला आणि आईला खोकला आला. साधासुधा नव्हे, वाकून, छातीला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी घाबरलो. कधीपासून आहे म्हटलं, स्टेशनवर तर नव्हता! ती म्हणाली, पंधरा दिवस आहे, स्टेशनवर दाबून धरला होता. 'तिथं खोकले असते तर उमाकांतच्या नावावर पडलं असतं. इथून जाताना पुण्याला उतरल्यावर धरून ठेवते, तुझ्या नावावर पडू नये म्हणून. पुण्याच्या स्टेशनातनं घर फार लांब रे, तिथं जास्त त्रास होतो.'

दादा, हे तुम्हाला लिहायचं की नाही यावर मी सव्वा महिना घालवला. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. मला एकट्याला ते ठेवून घेता येईना. औषध चालू केलं आहे, खोकला पुष्कळ उतरला. चष्म्याला नवी काडी बसवली (मूळ दोष कोणाचा, हा प्रश्न मी मागे घेत आहे).

त्यानंतर कचेरीत मी एक आगाऊपणा केला. धोरणाच्या मसुद्यावर शंका विचारायला मुभा होती. मी लिहिलं, मालक रेल्वे अस्तित्वातच उरली नसेल आणि डबा दोन्हीकडे परकाच धरला जात असेल, तर त्याने दुरुस्तीला जायचं कुठे? उत्तर आलं आहे. असा प्रसंग उद्भवत नाही. तथापि उद्भवल्यास विषय विचाराधीन समजावा. साहेबांनी खाली सही करून शेरा मारला की शंका चांगली आहे, पुन्हा विचारू नये.

बाकी आईचं बरं चाललं आहे. शेजारच्या इंदिराबाईंशी तिची गट्टी जमली आहे. चिकपेटेत ज्यांचं लुगड्यांचं दुकान आहे ते हे कुटुंब. कित्येक पिढ्या इथलेच, घरात मराठी बोलतात पण लिहितात-वाचतात कानडीत. त्यांच्या दोन नातींना आई रोज दुपारी बाराखडी शिकवते. इंदिराबाई येताजाता म्हणतात, 'अक्का, तुमच्यामुळं पोरींना आपली अक्षरं आली बघा, नाहीतर देवाचं पुस्तक पण उलटं धरत होत्या.' तर यापुढे आपण नुकसानीची पत्रं बंद करू या, एवढीच माझी विनंती. वहिनींच्या हाती हे पत्र देण्याआधी तुम्ही एकदा वाचावं. लोभ असावाच, नसल्यास आता तरी धरावा.

तुमचा,
दामोदर

ता. क. खरं म्हणजे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते वर कुठेच आलेलं नाही. आई घर सोडून चालली आहे. इंदिराबाईंची मागल्या अंगणातली खोली रिकामी आहे. पोरींना शिकवायचं आणि तिथे राहायचं, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, असं दोघींनी परस्पर ठरवलं. संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता तिने हे सांगितलं, म्हणजे गोड बोलण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. उद्या सकाळी ती ट्रंक हलवणार आहे. दोन कमावते मुलगे असताना आईने शेजाऱ्याच्या खोलीत चूल मांडायची, लोक तोंडात शेण घालतील. मथुरा रडते आहे की आपलं काय चुकलं. माझं आई ऐकत नाही. तुम्ही थोरले आहात, तुम्ही तिला एक कडक पत्र लिहा. उलट टपाली लिहा.

पुन्हा ता. क. आज बुधवार. पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. वरचं रद्द समजावं. आज कचेरीतून सरळ तिकडे गेलो, चांगलं खडसावून परत आणायचं ठरवूनच. दाराशी पोचलो तर आतून आवाज आला, 'कोण, दामू? पाय धुऊन ये. आणि जेवून जाणार का ते आत्ताच सांग, म्हणजे त्या मापानं भात टाकते.' दादा, बाबा गेल्यापासून आईने मला हे विचारलं नव्हतं. आमच्या घरात ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन 'मी जेवून घेऊ का?' असं विचारते. तुमच्याकडेही तेच विचारत असणार. मी काय खडसावणार? बसलो आणि जेवलो. भात थोडा लागला होता, तरी दोनदा मागून घेतला. घरी मथुरेने माझ्यासाठी केलेलं तसंच राहिलं, त्याबद्दल बोलणी खाल्ली ती निराळी. कडक पत्र लिहू नका. वरचं वाचता वाचता लिहिलंच असेल तर टाकू नका.

चि. उमाकांतास व सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. दामूने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, डिंक माझ्याकडे आहे म्हणून. मी सगळं वाचलं. त्याने माझ्या खोकल्याचं उगाच पुराण लावलं आहे, तू मनाला लावून घेऊ नको. मी कोणावर रुसून इथे आले नाही. दोघांच्याही घरात मला काही कमी नव्हतं, सुनांनी वाईट शब्द काढला नाही, हे तू सूनबाईला वाचून दाखव. खोली लहान आहे. पण अंगणात पारिजातक आहे, आणि चार माणसं पडतील एवढी जागा आहे. मे महिन्यात सगळे या. परतीचं तिकीट आधी काढून येऊ नका.

आई