मला मुंबईला कोणी पाठवलं

सर, तुमच्या नावाच्या खोलीचं उद्घाटन करायला मला बोलावलंय. आपल्या कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर सायन्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्याने सुरू होतोय, शनिवार-रविवारी वर्ग आणि बाकीचं घरबसल्या, आणि त्यांच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव देतायत. फोन करणारी मुलगी तिथेच शिकवते, बोलायला गोड आहे. त्या काळात सरांनी तुम्हाला मुंबईला कॉम्प्युटरवर पाठवलं होतं, तो किस्सा तुम्ही स्वतः सांगा मॅडम, मुलींना हुरूप येईल, असं म्हणाली. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तो किस्सा मात्र अजून धडधाकट आहे. तुम्ही मला पाठवलं नव्हतं, सर. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिसरी माझी आई, तीही आता नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी साताऱ्याला पाटबंधारे खात्यात सांख्यिकी सहायक होते. वडील सैन्यात, तेव्हा आसामकडे, आणि आई नि मी भाड्याच्या दोन खोल्यांत. गाव कडेगावकडचं, पण माझ्या नोकरीमुळे आई साताऱ्याला येऊन राहिली होती. ऑफिसात दिवसभर हँडल फिरवायच्या यंत्रावर कालव्याच्या पाण्याचे हिशेब करायचे, संध्याकाळी खांदा भरून यायचा. सांगलीला नोकरदारांसाठी कॉम्प्युटरचा कोर्स चालतो असं कुणीतरी सांगितलं आणि मी अर्ज केला. शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं. ते भरून धावत एसटी गाठायची, कराड, इस्लामपूर करत संध्याकाळच्या वर्गाला सांगलीला पोचायचं, विश्रामबागेत एका लांबच्या मावशीकडे मुक्काम करायचा, रविवारचा वर्ग करून परत यायचं. वर्गात साखर कारखान्यातले होते, बँकेतले होते, वीज मंडळातले होते. बाई मी एकटी. सगळ्यांचे डोळे आठवडाभराच्या कामाने तारवटलेले असायचे, पण तुमच्या वर्गात कुणाला डुलकी लागलेली मी पाहिली नाही. हे मी नाकारत नाही. कॉम्प्युटर तर सांगलीत नव्हताच. तुम्ही फळ्यावर खडूने खण काढायचात, खणांत आकडे ठेवायचात, एका खणातला आकडा दुसऱ्यात हलवायचात, आणि आम्हाला ते यंत्र समोर चालताना दिसायचं. तसा शिक्षक मला पुढे मिळाला नाही. म्हणून तर इतका राग येतो. कुणा सुमार माणसाने तसं केलं असतं तर मी कधीच विसरून गेले असते.

प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, मग कॉलेजातल्या यंत्रावर जाड कार्डांना भोकं पाडायची, एका ओळीला एक कार्ड, आणि सत्राच्या शेवटी तुम्ही चार-पाच विद्यार्थी घेऊन सगळ्यांची कार्डं मुंबईला न्यायचात. तिथल्या एका संस्थेत कॉलेजने कॉम्प्युटरचा वेळ भाड्याने घेतला होता. माझा प्रोग्रॅम पाण्याच्या पाळ्यांचा होता: कालव्यात इतकं पाणी, त्यावर इतकी गावं, शेवटच्या गावाला पाणी पोचायचं तर कुणाची पाळी कधी लावायची. कालव्याच्या शेपटीकडच्या गावांचे लोक आमच्या ऑफिसात येऊन बसायचे, त्यांचे चेहरे माझ्यासमोर होते. मला ते उत्तर मनापासून हवं होतं. तुम्ही मुंबईला न्यायच्या लोकांची नावं वाचलीत त्यात माझं नव्हतं. वर्ग सुटल्यावर मी विचारलं, तर डस्टर झटकत म्हणालात, "तिथे बायकांची काही सोय नाही. तुमची कार्डं यांच्याकडे द्या, ते चालवून आणतील." यांच्याकडे म्हणजे साखर कारखान्यातल्या अकाउंटंटकडे. मी मान डोलावली आणि कार्डं दिली. तुम्ही म्हणताय म्हणजे सोय नसणारच, असं मी धरून चालले.

पुढच्या शनिवारी ते अकाउंटंट वर्गाच्या दाराशीच थांबले होते. भला माणूस. परळच्या स्टँडवर गर्दीत कार्डांचा डबा हातातून सटकला, कार्डं सांडली, जमली तशी लावली पण क्रम चुकला असणार, असं त्यांनी आपणहून सांगितलं. परत आलेल्या कार्डांसोबत माझ्या वाट्याला एकच कागद आला होता, त्यावर चूक झाल्याचा संदेश आणि खाली कोरं. वर्गात तुम्ही तो कागद वर धरलात आणि म्हणालात, "ऑफिस, घर आणि हे, तिन्ही पेलत नसेल तर एक सोडावं." ते अकाउंटंट उठून उभे राहिले, चूक माझी आहे सर, म्हणाले. तुम्ही त्यांना हाताने खाली बसवलंत आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळलात. आजही मला त्या बाकाची कड आठवते, ती मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, सर. क्रम चुकला की प्रोग्रॅम चालत नाही हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांनी क्रम कुणामुळे चुकला एवढंही ऐकून घेऊ नये?

सोमवारी संध्याकाळी आई भाकऱ्या करतेय आणि मी तिच्याशेजारी चटईवर कार्डं पसरून पुन्हा ओळीने लावतेय. मी रडत नाहीये, पण तिला कळायचं ते कळतंच. तिने काय झालं ते विचारून घेतलं, सगळं, अगदी तुमच्या त्या वाक्यासकट. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मग ही पत्तं दुसऱ्याच्या हातात दिलीस कशाला? तुझं काम न्हवं व्हय ते?" मी म्हटलं, तिथे बायकांची सोय नाही. ती म्हणाली, "माजा भाऊ हाय की माझगावला. त्येच्याकडं उतरू. मी येती संगं. सोय न्हाई म्हंजे काय, बगू तरी." मामा गोदीत कामाला होता, एका खोलीत पाच माणसं राहायची. मी वडिलांना विचारायचं म्हटलं, तर त्यांचं उत्तर येईस्तोवर सत्र संपंल, म्हणाली, आणि दुसऱ्या भाकरीला हात घातला. तिला कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण माझं काम माझ्या हातून व्हायला हवं, एवढं तिला पुरेसं होतं.

मी ऑफिसात रजा टाकली आणि आम्ही दोघी मुंबईला गेलो. मामाने त्या संस्थेच्या फाटकापर्यंत आणून सोडलं आणि तो पाळीवर गेला. फाटकावरच्या माणसाने माझं कॉलेजचं ओळखपत्र पाहून मला आत सोडलं, आईला मात्र बाहेर बसा म्हणाला. ती फाटकाशेजारच्या कट्ट्यावर डोक्यावरचा पदर सारखा करून बसली. "जा तू. मी हितंच हाय," एवढंच म्हणाली. वरच्या मजल्यावर काचेचं दार होतं. आत थंडगार, आणि त्या थंडीत पाचवारी साडीवर लोकरी स्वेटर घातलेली एक बाई यंत्रापुढे बसलेली. वय माझ्याहून थोडं जास्त, कानावर पेन्सिल खोचलेली. मला वाटलं, ही टायपिस्ट असेल, साहेब येईपर्यंत बसली असेल. मी साहेब कुठे भेटतील म्हणून विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "मशीन मीच चालवते. कुठून आलात?" मी सांगली म्हटलं, कॉलेजचं नाव सांगितलं, तर तिचा चेहरा उजळला. तुमचं नाव घेऊन म्हणाली, "त्यांना चांगली ओळखते. दर वर्षी येतात. कार्डं माझ्याच हातात देतात आणि इथे या खुर्चीवर बसून चहा घेतात. यंदा मुलीही यायला लागल्या वाटतं तुमच्याकडच्या?"

तुम्ही त्या खुर्चीवर बसला होतात, सर. दर वर्षी. सांगलीहून नेलेली कार्डं एका बाईच्या हातात देत होतात, तिने दिलेले कागद घेऊन परत येत होतात, आणि फळ्यासमोर उभे राहून मला सांगत होतात, तिथे बायकांची सोय नाही. आपल्या कॉलेजचा थोडा वेळ शिल्लक होता, तो तिने मला दिला. मला थंडी वाजत असेल म्हणून खुंटीवरचा दुसरा स्वेटर काढून दिला. कार्डांच्या गठ्ठ्याच्या कडेवर तिने पेन्सिलने एक तिरकी रेघ ओढली, सांडली तर ही रेघ जुळवायची म्हणजे क्रम आपोआप लागतो, असं सांगितलं. असल्या गोष्टी तिथे गेल्याशिवाय कळत नाहीत, आणि तिथे तुम्ही मला जाऊ देत नव्हतात. पहिल्यांदा एक चूक निघाली, माझीच, ती मी तिथेच बसून काढली. दुसऱ्यांदा छपाईच्या यंत्राने घरघर सुरू केली आणि गावांची नावं आणि पाळ्या एकाखाली एक उमटत गेल्या. शेवटच्या गावाला पाणी पोचत होतं. मी धावत खाली गेले. आईने तो लांबलचक कागद मांडीवर घेतला, त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "झालं का मनासारखं?" झालं म्हटलं. मग तिने सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी मी तुमच्या खोलीत तो कागद टेबलावर ठेवला. तुम्ही सगळा तपासलात, एके ठिकाणी पेन्सिलीने मांडून पाहिलंत आणि बरोबर आहे म्हणालात. मी उभीच होते. मी म्हटलं, सर, तिथे तर मशीन बाईच चालवतात. तुम्ही चष्मा काढलात. नेहमी अहो-जाहो करणारे तुम्ही, त्या दिवशी म्हणालात, "त्या मुंबईच्या. तू आपल्याकडची. उद्या काही झालं असतं तर तुझ्या घरचे माझ्या दारात आले असते." मग म्हणालात, "झालं ते झालं, याची वाच्यता नको." माझ्या घरचे म्हणजे कोण, सर? घरची तर तिकडे फाटकाशी उन्हात बसली होती. तुम्ही एकदा तरी मला विचारायचं होतं. नाही म्हणायचं तर माझ्या आईने म्हटलं असतं. तिचा नकार तुम्ही तिच्या वतीने देऊन टाकलात आणि वर त्याला काळजी म्हणालात.

आणि इतकंच असतं तर मी गिळलं असतं. तुम्ही मला चांगले गुण दिलेत, पदवी मिळाली, त्या जोरावर पुढची सगळी नोकरी झाली. पण तुम्ही निवृत्त झालात त्या समारंभात माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात की त्या काळात मी सांगलीहून एका मुलीला मुंबईला कॉम्प्युटरवर पाठवलं होतं, लोक नावं ठेवत होते पण मी डगमगलो नाही. आणि माझ्याकडे हात केलात. मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. सभागृहभर टाळ्या. मी तुमच्या डोळ्यांकडे पाहिलं, तुम्ही खोटं बोलताय असं त्यांत कुठेच दिसेना. तोवर तुमचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. मी वाकून नमस्कार केला. आई पाचव्या-सहाव्या रांगेत होती. परतताना एसटीत मी तिची माफी मागायला लागले, तर तिने मला मधेच थांबवलं. "म्हातारा माणूस हाय, बोलू दे," म्हणाली, आणि खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत राहिली. तिने तुम्हाला किती सहज सोडून दिलं, सर. मला ते आजही जमत नाही. तुम्ही नुसती माझी वाट अडवली नाहीत, नंतर ती तुम्हीच मोकळी केली असं सांगितलंत, आणि त्या सांगण्यात माझ्या आईला उभं राहायलाही जागा ठेवली नाहीत.

आता त्या खोलीत तरुण मुली बसतील, दिवसभर नोकरी करून आलेल्या, कुणी कवठे महांकाळच्या, कुणी पाटणच्या. त्यांना हा किस्सा सांगितला तर त्या कुणीतरी पाठवायची वाट बघत बसतील. म्हणून मी जाणार आहे आणि मला आईने नेलं असं सांगणार आहे. तुम्ही किती चांगलं शिकवायचात तेही सांगेन, कारण तेही खरंच आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवायला पत्ताही नाही, लिहून झालं की कपाटात जाईल.

एक मात्र कबूल करते. हे सगळं मी आता बोलू शकते, कारण पहिल्या रांगेत तुम्ही नसाल. तुम्ही जर तिथे बसलेले असतात, चष्मा काढून माझ्याकडे बघत असतात, तर मी याही खेपेला शाल घेतली असती आणि वाकून नमस्कार करून खाली उतरले असते.