दोन नव्हे, सहा

ठमे,

उठल्यावर आधी हे वाच. माझ्या गुडघ्यावरचा तुझा अहवाल आज फिजिओथेरपीच्या कॉलेजात देऊ नकोस. त्यातले आकडे खोटे आहेत.

गेले आठ आठवडे तू रोज संध्याकाळी विचारायचीस, "आई, दहापैकी किती दुखतंय?" मी आकडा हळूहळू उतरवत "दोन"वर आणला. खरा आकडा सहाच होता. जिना उतरताना सात. तू धावणे निम्म्यावर आणायला सांगितलेस, आणि तू झोपेत असताना मी रोज पूर्ण दहा किलोमीटर धावत राहिले. मांडीचे व्यायाम तू समोर असलीस तरच केले. "पेशंट म्हणून तू आदर्श आहेस, आई म्हणून ठीकठाक," असे तू म्हणालीस, तेव्हाच बोलायला हवे होते. पण तुझा आलेख इतका सुरेख उतरत होता, की माझी जीभ रेटेना. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या कुणी हे केले असते, तर त्याला मी दुसऱ्या दिवशी आत घेतले नसते.

तुझे उपचार चुकले, असे यातून सिद्ध होत नाही. ते तपासलेच गेले नाहीत, एवढेच सिद्ध होते. सरांना ही चिठ्ठी दाखव.

या वयात एकदा थांबले तर पुन्हा धावणार नाही, अशी मला भीती वाटते. तिला पुरावा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती जात नाही. नवी वही आणून पुन्हा सुरुवात करू, असे तू म्हणशील. आणू नकोस. मी पुन्हा दोनच सांगेन.

चहा थर्मासमध्ये आहे. मी धावायला गेले आहे.

आई