कादंबरीतली मुलगी

आई, तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी या वयात कादंबरी लिहायला बसले आहे, तीही मराठीत. हसू नकोस. नागपूरच्या संपादकबाईंनी हस्तलिखित परत पाठवलं. दवाखान्याच्या प्रकरणाशेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, 'आई खरी वाटते. मुलगी रचलेली वाटते.' आणि नायिका तर तीच! दोन दिवस मी बाईंवर चरफडत होते. मग रडूच आलं. गेलेली तू पानापानांतून चालतेबोलतेस आणि जिवंत असलेली मी मात्र पुठ्ठ्याची.

तुला हे आधीच कळलं होतं. मी अकरावीत आहे, तू स्वयंपाकघरात लाल भाजी निवडते आहेस आणि मी तुला माझी पहिली कथा वाचून दाखवते आहे, अर्थात हिंदीत. घरात तू मराठी बोलायचीस, मी हिंदीत उत्तर द्यायचे. हिंदी मुलखातल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्या मराठी घरांत तसंच चालायचं, कुणाला त्याचं काही वाटत नसे. माझी नायिका गरीब, गुणी, सोशिक. तू देठ मोडता मोडता म्हणतेस, "ही पोट्टी एकदाही खोटं नाही बोलत काय? अशी मले तं कुठं दिसली नाही. तिले एखादी चूक करू दे, मंग मले तिची काळजी वाटन."

"मम्मी, आपको कहानी समझ में नहीं आती."

"हव, नसन समजत," म्हणून तू भाजी धुवायला उठतेस. त्यानंतर मी तुला एक ओळही वाचून दाखवली नाही.

पुढे तुला पक्षाघाताचा झटका आला आणि तुझी हिंदी पार पुसली गेली. जनरल वॉर्डातल्या त्या दुपारी तू म्हणालीस, "काल काहून नाही आली? मी वाट पाहून राहिली होती."

"काम था मम्मी. आराम करो."

"मराठीत बोल ना. मले कोणाचंच समजून नाही राहिलं."

नर्सनं विचारलं, "दीदी, क्या बोल रही हैं?" मी म्हटलं, "कुछ नहीं, ऐसे ही." तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. दोन दिवसांनी गेलीस.

कादंबरीत मुलगी आईचा हात धरून मराठीत खूप गोड बोलते. काल ते प्रकरण फाडलं आणि घडलं तसं लिहिलं. मुलगी जरा माणसासारखी दिसायला लागली. पण एका जागी मी तिला पुन्हा वाचवलं. तिला बिचारीला मराठी बोलताच येत नव्हतं, असं लिहिलं. इतकी वर्षं सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे.

हे पत्र तुला पोचणार नाही आणि बाईंनाही मी ते दाखवणार नाही, म्हणून लिहिते. मला येत होतं, आई. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती आणि मला तुझी लाज वाटली.