गाडीला जुलाब

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

आज यांनी गाडीला जुलाब दिला.

उद्या साधनाला अमरावतीला सासरी सोडायचं, म्हणून आधी ऑइल बदलायचं ठरलं. पण नुसतं ऑइल बदलतील तर ते मारोतराव कसले! रायपूरहून इंजिन धुवायच्या औषधाचा डबा आणला. तो जुन्या ऑइलमध्ये ओतायचा, गाडी जागीच थोडा वेळ चालू ठेवायची आणि गरम असतानाच सगळी घाण खाली सोडायची. म्हणे, माणसाचं पोट साफ करतो तसंच. स्वतः मात्र जन्मात कधी एरंडेल घेतलं नाही. वाटी घेऊन मीच मागे मागे.

शेजारचे बळीरामभाऊ स्टील प्लांटच्या गॅरेजात आहेत. कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, जुनं इंजिन आहे. बसलेली घाण कावून हलवून राहिले?"

कोण ऐकतो. घमेल्यात डांबरासारखं काळं ऑइल पडलं. हे त्याच्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होते, मला वाटलं आता चाखतात. साधना हसली. बऱ्याच दिवसांनी.

सोमवार, १०

सकाळी बापलेक निघाले आणि रिसालीच्या चौकातूनच परत! ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सुटलेली घाण खालच्या जाळीत अडकली, ऑइल वर चढत नाही. आता इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून जाळी धुवायची. बळीरामभाऊ नुसते मिशीत हसले.

यांचा चेहरा मात्र पार पडलेला. दुपारी जेवलेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, गाडी आहे हो, माणूस नाही.

बुधवार, १२

चेंबर खाली, गाडी विटांवर. हे ड्यूटीवरून आले की सरळ गाडीखाली. साधना बाजूला पोतं टाकून बसते, पाने हातात देते. एवढं काय बोलणं चालतं कोण जाणे — मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प. म्हणजे या वयात मला सवत आली, तीही चार चाकांची. आणि पोटची पोर तिच्या बाजूनं.

शुक्रवार, १४

बळीरामभाऊंच्या घरी आमच्या जावयांचा फोन आला. अरुणकुमार म्हणाले, "गाडी नसेल तर रेल्वेनं पाठवा, आई."

बरोबरच आहे. यांना सांगितलं तर म्हणतात, "पोरीले मीच सोडीन. पॅकिंग नागपूरहून येऊन राहिलं."

पॅकिंग म्हणजे चेंबरला लावायची कागदासारखी पट्टी. नागपूरहून चालत निघाली असावी.

रविवार, १६

संध्याकाळी चहा घेऊन गेले. माझी चाहूल लागली नसावी. साधना म्हणत होती, "बाबा, पॅकिंग तर कालच आलं. अजून किती दिवस गाडी उघडी ठेवाल?"

गाडीखालून हे म्हणाले, "तुले जायचं नाही ना? मग राहू दे उघडी."

मी साधनाला आत नेलं, दार लावलं. सांगितलं तिनं. अरुणकुमार ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावतात. भाजीत मीठ कमी पडलं तर तिचं जेवण बंद. दंडावरचे वळ तिनं दाखवले. सोमवारी गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं, तेव्हा यांना कळलं. त्याच वेळी तो दिवा लागला.

"मले कावून नाही सांगितलं?"

"सांगणार होती, आई. पण तू सगळ्यांपाशी जावयाचं इतकं कौतुक करून राहिली होती."

तिला जवळ घेतलं.

थोड्या वेळानं हे आत आले. कोपरापर्यंत काळे हात, कुठे ठेवावेत कळेना. म्हणाले, "मले दुसरं काही सुचलं नाही, कमल."

मी पाणी ओतलं, यांनी हात धुतले. कितीतरी वेळ धूत होते.

सोमवार, १७

बळीरामभाऊंकडे अरुणकुमारांचा फोन आला. यांना उठू दिलं नाही, मीच गेले. त्यांनी विचारलं, "गाडी झाली का?"

म्हटलं, "गाडी ठीक आहे. साधना येणार नाही."