श्रीखंडाबरोबर कुठली वाइन

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे हे ऐकून तुमची प्रकृती बिघडण्याची भीती नाही. तुमच्या नातीच्या साखरपुड्याला पंगतीत वाइन होती. कोथरूडचा हॉल, व्याह्यांची हौस, आणि कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन घ्यावी हे सांगायला खास बोलावलेली एक मुलगी. सूत्रं म्हणावीत तशी ती म्हणत होती. अळूवडीबरोबर फेसाळती, मसालेभाताबरोबर जराशी गोडसर पांढरी, आणि गोडाच्या पदार्थाबरोबरची वाइन त्या पदार्थाहून गोड हवी. श्रीखंडाहून गोड! तुम्ही छडीच्या धाकाने माझ्याकडून षड्रस पाठ करून घेतलेत, त्यात ही सोय नव्हती. मग ती लाल वाइनकडे वळली. पेला हलकेच फिरवा, वास घ्या, चामड्याचा वास येतोय? आपल्याकडे भांड्याला तसा वास आला असता तर आईने ते पुन्हा घासायला टाकलं असतं. इथे चाळीस सुशिक्षित माणसं माना डोलावत हुंगत होती. माझ्या शेजारचे गृहस्थ "येतोय, येतोय" म्हणाले. त्यांना सर्दी होती.

घरून निघताना लेकीने मला जिन्यात गाठलं होतं. "बाबा, आज एक दिवस कुणाला टोचून बोलू नका. साधी माणसं आहेत, त्यांना लागतं."

"मी काय बोलतो?"

"तेच तर. तुम्हाला कळतही नाही."

मसालेभात आला तसे व्याही स्वतः बाटली घेऊन उठले. पाहुण्याचं भांडं अर्धं ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. मठ्ठा वाढावा तसा त्यांनी माझा पेला काठोकाठ भरला. ती मुलगी धावत आली. "अहो काका, इतकी नाही! एक तृतीयांशच. वासाला जागा नको का?" पंगतीत खसखस पिकली. व्याही बाटली धरून तसेच उभे, कान लाल. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी ख्याती त्या घरीही पोचलेली असणार. माझं वाक्य तयार होतं, संस्कृत अवतरणासकट. लेक पानाकडे बघत होती.

आणि मला माझ्या लग्नाची पंगत दिसली. माझे सासरे घाईघाईने पानं वाढताहेत, मीठ डावीकडे वाढायचं ते उजवीकडे पडलंय, आणि तुम्ही खणखणीत आवाजात विचारताय, "लग्नच आहे ना? मला वाटलं, श्राद्धाला आलो." सासरे वाकून, एकेका पानावरचं मीठ चिमटीने उचलून डावीकडे ठेवत गेले. ही माझ्या शेजारी बसून ते पाहत होती. पुढे तुम्ही असेपर्यंत तिने तुम्हाला रोज बिनचूक वाढलं आणि कामापुरतंच बोलली. तुम्हाला वाटायचं, सून मितभाषी आहे.

मी पेला दोन्ही हातांनी उचलला, निम्मा संपवला आणि म्हणालो, "बसा हो आता, तुम्हाला मी वाढतो." त्यांचाही काठोकाठ भरला. वाइन भिकार होती.

परतताना लेक म्हणाली, "थँक्यू, बाबा." ही म्हणाली, "तुम्ही अण्णांवर गेला नाहीत, हे नशीब." मी मान डोलावली.

हे पत्र धाडायला पत्ता नाही आणि घरात उघडं ठेवायची छाती नाही. कारण त्या दिवशी तुमच्या वाक्याला पहिला हसलो तो मी होतो. मुंडावळ्यांआड तिला ते दिसलं नव्हतं.