देवजीने न चोरलेलं इंजिन

शहापूर,
सोमवार, सकाळ

आदरणीय बारकूदादा यास,
धाकटी बहीण कमळ हिचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, माझा गुडघा सोडून. तुझी साखर, वहिनीची कंबर आणि वैशाखरे गावातल्या आपल्या घराची गळणारी कौलं, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. (ठीक नसतील तर निदान पत्र संपेपर्यंत ठीक ठेव.) घरोघरी फोन असताना कमळला पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं तू म्हणशील. कारण सरळ आहे. देवजीचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस. पत्राचं तसं करता येत नाही. फाडता येतं, पण छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस लिहिलेला कागद फाडायचा नाही, फार तर लाल पेनाने माझ्या वेलांट्या सुधारेल. सुधार खुशाल. पण सगळं वाच, आणि शेवट आधी वाचू नकोस. ती तुझी जुनी खोड आहे.

तर बातमी अशी की तुझं विमानाचं इंजिन सापडलं. हो, तेच. तू कल्याणच्या कॉलेजात एनसीसीत होतास तेव्हा तू आणि देवजी दर रविवारी भात कापलेल्या शेतात मधोमध उभं राहून, दोरी हातात धरून दोरीचं विमान गरागरा फिरवायचात (खेळण्यातलं विमान म्हटलं की तुला राग यायचा, म्हणून दोरीचं म्हणते), त्याचं ते मुठीएवढं इंजिन. ते नाहीसं झालं तेव्हा ओट्यावर सगळ्यांसमोर तू देवजीला चोर म्हणालास आणि आज चव्वेचाळीस वर्षं झाली, त्याचं तोंड पाहिलं नाहीस. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेला नाहीस. एकदा तर, पुढच्या सीटवर देवजी बसलाय असं कोणीतरी म्हणालं म्हणून टोकावड्याला जीपमधून उतरलास, भर उन्हात घरापर्यंत चालत गेलास आणि आठ दिवस झोपून होतास. (वहिनीने सांगितलंय, लपवू नकोस.) दादा, ते इंजिन देवजीकडे नव्हतंच. ते माझ्या ट्रंकेत होतं. तिथे कसं गेलं ते शेवटी सांगते. म्हटलं ना, पुढे पळू नकोस!

घराला रंग द्यायचा म्हणून आमच्या प्रियांकाने माझी ट्रंक उघडली. सून गुणी आहे, पण तिला मोकळ्या जागेची फार आवड. जुन्या परकराच्या फडक्यात गुंडाळलेला काळा गोळा बघून तिने तो सरळ भंगारवाल्याच्या तराजूत टाकला. मी गुडघा विसरून धावले आणि तराजूतून उचलला. पण काय अवस्था झाली होती त्याची! तुम्ही त्यात रॉकेल, ईथर आणि एरंडेल घालायचात. (घरातली एरंडेलाची बाटली संपायची आणि आई मला जवळ घेऊन विचारायची, पोट दुखतं का गो. माझ्या पोटाची बदनामी तुझ्या विमानाने केली.) तेच एरंडेल जळून, वाळून इंजिनावर गुळाच्या काकवीसारखं घट्ट बसलं होतं. पंखा लावायचा दांडा जागचा हलेना. म्हटलं, चव्वेचाळीस वर्षांनी वस्तू परत करायची तर निदान धुऊन तरी द्यावी.

इथे ज्याला त्याला सल्ला सुचला. माझा प्रज्वल म्हणाला, वाटीत पेट्रोल घेऊन बुडव, एका मिनिटात साफ. हे तो पेटत्या गॅसशेजारी उभा राहून म्हणाला. त्याला मी बाहेर काढला. प्रियांकाने मोरी साफ करायची पावडर पुढे केली. मी म्हटलं, बाई गं, ती पावडर ॲल्युमिनियम खाते. आमच्या शाळेत परीक्षानळीत हा प्रयोग होतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात, पण दादाच्या इंजिनाला टाळ्या नकोत. शेजारच्या धाऊकाकू चिंच आणि राख घेऊनच आल्या. त्यांना वाटलं समई आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केलीय. तेवढ्या काळात तिथे फक्त एक पाल दगावली आणि तीही म्हातारपणाने. मला कोणी शिकवायचं नाही. पण इंजिन आतून कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं, हे खरं. म्हणून उठले आणि आसनगावला एका मिस्त्रीच्या गॅरेजात गेले.

(मिस्त्रीचं नाव मागाहून.) त्याने इंजिन हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून बघतच राहिला. गिऱ्हाईक खोळंबलं, ओरडलं, निघून गेलं. मग म्हणाला, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट घ्यायचं, त्यात हे बुडवायचं आणि चार तास मंद गरम ठेवायचं, जळकं एरंडेल आपोआप सुटतं. जोर लावायचा नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही. आणि मागच्या झाकणाचे तीन स्क्रू सारखे आहेत, चौथा सायकलचा आहे, तो जपून खोल. घरी येऊन पुसून बघते तर खरंच चौथा सायकलचा! त्याला कसं कळलं ते मला विचारू नकोस. रविवारी, म्हणजे काल, तो कूलंटचा डबा घेऊन स्वतःच आला.

परसात आंब्याखाली मोकळ्या हवेत इलेक्ट्रिक शेगडी मांडली. हातमोजे, डोळ्यांना शाळेतून मागून आणलेला चष्मा, सगळं रीतसर. प्रियांकाला म्हटलं, एखादा नको असलेला टोप दे, कारण कूलंट विषारी असतं, ज्या भांड्यात ते तापवलं ते भांडं पुन्हा चुलीवर चढत नाही, कितीही घासा. तिने माळ्यावरून एक काढून दिला. कूलंट दिसायला हिरवं सरबत आणि चवीला म्हणे गोड, म्हणून तर जास्त धोका. झाकण ठेवून, कुत्र्यामांजरांसाठी काठी घेऊन मी राखण करत बसले. कुत्री शहाणी, लांब राहिली. धाऊकाकू आल्या आणि कसला रस्सा गो, म्हणत त्यांनी सरळ झाकणाला हात घातला! मी अशी ओरडले की त्यांच्या हातातली वाटी (हो, वाटी घेऊनच आल्या होत्या) उडून पेरूच्या झाडात अडकली. मग मी पुठ्ठ्यावर खडूने ठळक ‘विष’ लिहून शेगडीपुढे उभा केला. तिथेच चुकलं. काकूंनी अख्ख्या आळीत सांगितलं की कमळ परसात विष शिजवतेय. चार वाजेपर्यंत तीन बायका येऊन मला बाजूला घेऊन गेल्या आणि सुनेशी पटत नाय का गो, असं हळूच विचारून गेल्या. त्यातली एक जाताना प्रियांकाला म्हणाली, चार दिस माहेरी जा. प्रियांका अजून हसतेय. पण काल रात्रीचं जेवण तिने स्वतः वाढून घेतलं.

उकळी फुटू दिली नाही, नुसती वाफ. चार तासांनी मिस्त्रीने चिमट्याने इंजिन वर काढलं, जुन्या दातांच्या ब्रशने हळूहळू घासलं, कोमट पाण्याने धुतलं, आणि दादा, आतून पांढरंशुभ्र निघालं रे! उरलेलं कूलंट त्याने डब्यात भरून परत नेलं, मोरीत की झाडाला एक थेंब जाऊ दिला नाही. मग प्रियांकाच्या केस वाळवायच्या यंत्राने इंजिन शेकलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि पंख्याचा दांडा बोटाने फिरवला. आधी नाही. पुन्हा शेकलं. मग फिरला आणि फट् असा आवाज आला. तोच आवाज, तुमच्या रविवारचा. मिस्त्री आंब्याकडे तोंड करून कितीतरी वेळ चष्मा पुसत बसला. मला रडू आलं, मी रडले, त्यात लाजायचं काय. सुरू मात्र आम्ही केलं नाही. ईथर घरात खेळायची वस्तू नाही. ते काम शेतात, आणि तुझं.

वहिनीला जयभीम सांग. कौलं पावसाआधी बदल.

तुझी बहीण,
कमळ

ता.क. आता सांगते. इंजिन मी घेतलं. बारा वर्षांची होते. दर रविवारी तुमचं विमान उचलून शेतात मी न्यायचे, तुमचं पाणी मी आणायचे, आणि दोरी एकदा माझ्या हातात दे म्हटलं की तू म्हणायचास, पोरींचं काम नाय ते. म्हणून एका दिवसापुरतं भाताच्या कणगीत लपवलं. संध्याकाळी देणार होते. पण संध्याकाळ व्हायच्या आत तू देवजीला चोर करून मोकळा झालास आणि माझी जीभच उचलेना. मग लग्नात ट्रंक इकडे आली, तिच्यात तेही आलं. चुकले, दादा. माझ्यामुळे तुझा जिवाभावाचा मित्र गेला. रागव, पण माझ्यावर रागव.

ता.क. दुसरा. टोप रिकामा केल्यावर पालथा केला तर त्यावर नाव कोरलेलं निघालं: ‘कमळ हिस लग्नानिमित्त बारकूदादाकडून’. तुझा टोप वापरायला जीव होत नाही म्हणून मी तीस वर्षं माळ्यावर ठेवला होता, आणि काल गडबडीत ओळखलाच नाही. आता त्यावर लाल रंगाने ‘विष’ आहे. नवीन दे. त्यावर देणाऱ्या दोघांची नावं कोरून हवीत. दुसरं कोणाचं ते खाली आहे.

ता.क. तिसरा. हे पत्र आणि खोकं घेऊन आलेला माणूस ओट्यावर उभा असेल. दाढी पांढरी झालीय म्हणून तू ओळखलं नसशील. तू वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी त्याला बजावलंय. हाच तो मिस्त्री. काल आंब्याखाली त्याला मी सगळं कबूल केलं, तर देवजी म्हणाला, “मला तवाच माहीत होतं गो. तू कणगीत हात घातलास तवा मी पडवीत उभा होतो.” मी म्हटलं, मग बोलला का नाय? तर म्हणे, “बारकूने तुला फोडून काढली असती. म्हटलं, दोन दिसांत पोर आपणच सांगेल.”

दादा, त्याला आत घे. चहा बिनसाखरेचा, त्यालाही साखर आहे. आणि पुढच्या रविवारी विमानाची तयारी ठेवा, मी सकाळच्या गाडीने येतेय. एकाने विमान धरायचं, एकाने पंखा फिरवायचा. दोरी या वेळी मी धरणार.