दाखल्यावरचं वय

३ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणतीस पूर्णांक चार! बनियनच्या आतलं ते यंत्र पळण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मोजतं, त्यात आज माझा सगळ्यात जास्त आकडा हा. तीन वर्षांपूर्वी चौतीसच्या खाली येत नव्हतो. मुकुल तेहतीस. मुकुल एकवीस वर्षांचा, माझ्याच जागेवर खेळतो, डाव्या कडेला. हे आकडे आमच्या फुटबॉल क्लबमध्ये भिंतीवर लावतात — सगळ्यांना दिसावेत म्हणून!

सुधीर सर त्या कागदापुढे उभे राहून म्हणाले, "राजरत्न, सत्ताविसाव्या वर्षी विंगर ऐन भरात असतो. तुझे पाय थकलेत की मन?" प्रशिक्षक आहेत, विचारणारच. पण सगळ्यांसमोर? मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो.

काय सांगू त्यांना? मी सत्तावीस नाही. एकोणतीस आहे. ऑगस्टमध्ये तीस पूर्ण.

५ फेब्रुवारी

आजवर कुठे लिहिलं नाही, आज लिहून टाकतो.

आठवीत होतो. तेरा वर्षांचा, पण वर्गात सगळ्यात बारका. शाळेचे रामा सर बाबांना म्हणाले, "चांगदेवराव, दोन वर्षं कमी करून आणा. बाराच्या आतल्या संघात सहज खपेल पोरगा." सगळेच करायचे. बाबा सरकारी कचेरीत शिपाई, कुठला दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो ते त्यांना पाठ. आठवड्याभरात जन्मदाखला घेऊन आले. शाळेच्या रजिस्टरातही तारीख बदलून घेतली. मला म्हणाले, "कोणी विचारलं तर दाखल्यावरची तारीख सांगायची. जास्त बोलायचं नाही."

त्या वर्षी जिल्ह्यात सर्वात जास्त गोल माझे. तिथून पुढे सगळं.

कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी न आणणारा माणूस माझ्यासाठी खोटेपणा करून आला. तेव्हा छाती फुगलेली माझी. आता राग येतो. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, राग काढणार कुणावर?

१२ फेब्रुवारी

स्कॅन झालं. ऋतिका — आमची फिजिओ — पडद्यावर बोट फिरवत म्हणाली, "गुडघा क्लीन, मांडी क्लीन. तुला झालंय तरी काय?"

रिपोर्ट चांगला आला म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला असेल. काहीतरी फाटलेलं निघायला हवं होतं. फाटलेलं शिवता येतं. आता सगळ्यांच्या मते एकच कारण उरलं — आळस.

२० फेब्रुवारी

खेळवलं नाही.

१ मार्च, रविवार

शेवटची वीस मिनिटं उतरवलं. एक चेंडू मस्त मिळाला — पुढे मोकळं मैदान, मागे एकटा त्यांचा बचावपटू. पूर्वी अशा वेळी मागे वळून बघायचीही गरज नसायची. आज त्याचा श्वास ऐकू यायला लागला, मग खांदा दिसला, मग पाठ. चेंडू घेऊन गेलासुद्धा!

स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, "ए कामचोर! पगार कसला घेतो रे?"

पडलो नव्हतो, तरी घरी आल्यावर आई म्हणाली, "लागलं का रे? मोबाइलवर नीट दिसलं नाही." मी हो म्हटलं. तिने हळदीचं दूध दिलं. प्यायलो.

कामचोर! ठाकुर्लीहून पहाटे बाइक काढतो, माणकोलीचा पूल, पुढे घोडबंदरला डंपरांच्या मधून वाट काढत सगळ्यांच्या आधी मैदानावर. आठ वर्षांत एक सराव चुकवला नाही, बाबांच्या वेळचे तीन दिवस सोडले तर. म्हातारा म्हणा. संपलेला म्हणा. पण कामचोर?

९ मार्च

करार मेमध्ये संपतोय. सुधीर सरांनी आज केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुला ठेवू नका असं वरून सांगितलंय. मी भांडू शकतो. शेवटचा अर्धा तास खेळणारा अनुभवी माणूस मला चालेल. पण मला कारण दे, राजरत्न. आळशी माणसासाठी मी कोणाशी भांडणार नाही."

परवापर्यंत विचार करतो म्हणालो. विचार कसला करायचाय? कारण माझ्याकडे एकच आहे.

११ मार्च

सांगितलं.

तोंडातून बाहेर पडलं तेव्हा इतकं हलकं वाटलं! सर, मी आळशी नाही, माझं वय झालंय. दाखला खोटा आहे. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे मला सांगायला नको होतंस." मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. त्यांनी फोन उचलला. "आता मला माहीत आहे म्हणजे मला कळवावंच लागणार. माझीही नोकरी आहे रे."

मी कारण द्यायला गेलेलो आणि गुन्हा देऊन आलो. असला मूर्ख अख्ख्या लीगमध्ये शोधून सापडणार नाही.

१४ मार्च

लेखी कबुली मागितली. लिहून दिली. वडिलांनी जन्मतारीख बदलून घेतली, मला माहीत होतं. खाली सही.

बाबांचं पूर्ण नाव लिहायचं नव्हतं. तरी लिहिलं.

२३ मार्च

करार रद्द. क्लबने लीगला कळवलंय, चौकशी होणार. दोन वर्षांची बंदी होऊ शकते. दोन वर्षांनी कोण विचारणार मला! जन्माचा मूळ पुरावा आठवड्याच्या आत हजर करायचा.

मुकुलचा मेसेज — "दादा, सच में?" उत्तर दिलं नाही. बाराच्या आतल्या त्या संघातला शौनक आता दुकान चालवतो, त्याचाही फोन आलेला. हसत होता. "तरीच म्हटलं, आमच्यात तूच कसा इतका पळायचास!" म्हणजे ते गोलही गेले.

२४ मार्च

आईला आज सगळं सांगितलं. करार, कबुली, बाबांचं नाव लिहिलं तेही. पुरावा लागेल, जुने कागद काढून ठेव म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "बाबांचं नाव का लिहिलंस?" एवढंच म्हणाली. मग ताट उचलून आत गेली.

२५ मार्च

सकाळी आईने प्रसूतिगृहाचं कार्ड हातात ठेवलं. पिवळं पडलंय, पण शाई स्वच्छ. मंजुळा चांगदेव, म्हणजे आई. मुलगा. १९ ऑगस्ट १९९८. दाखल्यावर आहे तीच तारीख!

"पहिलीत घालताना आम्ही दोन वर्षं वाढवून सांगितलेली. चार वर्षांचा होतास. मी कामाला जायचे, तुला ठेवणार कोणाकडे? पुढे बाबांनी खरी तारीख लावून घेतली. रामा सरांना वाटलं कमी केली. बाबा म्हणाले, वाटू दे, पहिलीतलं खोटं उघडं पडायला नको, पोरालाही सांगू नको, खेळू दे."

बाबांनी दाखल्यात काही खोटं केलं नव्हतं. कार्ड दाखवलं तर चौकशी मिटेल.

मी सत्तावीस वर्षांचाच आहे. आणि मला पळता येत नाही.